गोळी लागली की दीड तास

१९ जानेवारी

या हातांनी केलेलं — सोन्या-मोत्यांचे तराजू, एकशे चौदा. औषधांच्या दुकानांसाठी काटे, एकोणचाळीस. लेकीचा पाळणा. हे कामाचं टेबल, त्याचे अकरा खण, एकही खिळा न मारता. भिंगाचा दिवा. शिकवलं कोणी नाही. मोडके तराजू उघडून बघितले, तेवढीच शाळा.

आज डॉक्टर म्हणाला, कंपवात. सुरुवात उजव्या हातापासून. बरा होत नाही, सांभाळायचा असतो. विचारलं, अजून किती वर्षं काम करता येईल? म्हणे, माणसागणिक वेगळं. असलं उत्तर मी गिऱ्हाइकाला दिलं असतं तर!

एकशे पंधरावा टेबलावर आहे, मोत्यांच्या व्यापाऱ्याचा. काचेच्या पेटीतला, हातानं केलेलाच हवा म्हणाला. दांडी झाली, पारडी झाली. दांडी ज्या पोलादी धारेवर झुलते ती धार बाकी. ती बसली तर तराजू, नाहीतर पितळेचं खेळणं.

२४ जानेवारी

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. लेकीच्या वयाची पोर. कागद दिला — ‘साधारण वीस मिनिटे चालणे. जमेल तसे हात ताणणे. थकवा आल्यास थांबणे.’

साधारण! माझ्या खोलीत या शब्दाला तीस वर्षं बंदी आहे. विचारलं, साधारण म्हणजे एकोणीस की एकवीस? हसली. म्हणाली, “काका, शरीर रोज वेगळं उठतं. वेळापत्रक त्याच्या मागून न्यायचं, पुढून ओढायचं नाही.” अक्षर बारीक होत जाईल, मुद्दाम मोठं काढा, हेही तिनंच सांगितलं. म्हणून वहीत दोन-दोन ओळींत लिहितोय.

घरी येऊन कागद दुरुस्त केला. चालणे — सहा पंचेचाळीस ते सात पाच. शर्टाची बटणं लावणे-काढणे — बारा वेळा. बोटं ताणणे — प्रत्येकी दहा सेकंद. भिंतीवर लावला.

२५ जानेवारी

अर्धी गोळी, दिवसातून चार वेळा. पातीनं कापली. दोन्ही अर्ध्या तोलल्या — एक जड निघाली! तिला बारीक कानस लावली. आमची ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “आता पाण्याचे थेंबही मोजून द्यायचे का?” औषधाची भुकटी टेबलावर सांडली, ती बोटानं चाटली, हे तिनं पाहिलं.

३० जानेवारी

हिशेब लागला. गोळी घेतल्यावर चाळीस मिनिटांनी हात माझा होतो. दीड तास राहतो. मग उतरतो. हिनं पायरीवरून शेजारच्या न्हाव्याला सांगितलं, आता बोलवू नका, त्यांना आत्ताच गोळी लागलीय. तो वस्तरा टाकून धावत आला बिचारा.

बऱ्याच दिवसांनी हसलो. चेहरा हसल्यासारखा दिसला नाही म्हणे.

८ फेब्रुवारी

वेळापत्रक दोन आठवडे पाळलं. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. काल रात्रभर झोप नव्हती तरी पावणेसातला निघालो. परत येताना आपल्याच दाराच्या चौकटीत पाय चिकटले. खिळल्यासारखे. डोकं सांगतंय चल, पाय ऐकत नाहीत. मागे दूधवाला ताटकळलेला. हिनं आतून हळूच मोजायला सुरुवात केली, एक, दोन, एक, दोन — तेव्हा पाऊल उचललं.

चौकटही मीच केलेली.

९ फेब्रुवारी

काही नाही.

१० फेब्रुवारी

काही नाही. अंघोळही नाही.

१७ फेब्रुवारी

भिंतीवरचा कागद काढला. नव्यात घड्याळ नाही. तीन रकाने — गोळी लागलेली, उतरू लागलेली, उतरलेली. लागलेली असेल तर धार. उतरू लागली की चालणं. उतरलेली असेल तर बोटं गरम पाण्यात, मोठ्यानं वाचन, नाहीतर नुसतं पडून राहणं. पडून राहणं हेसुद्धा काम म्हणून लिहिलंय. हात कापत असताना लिहिलं ते वाकडं, पण लिहिलं.

व्यायामवाल्या बाईंना दाखवलं. म्हणाल्या, हेच तर सांगत होते. मी म्हटलं, तुम्ही साधारण सांगितलंत, मी नीट केलं.

चालण्यावर हिचा फार भर. वीस मिनिटांनी काय होतंय, अजून एक फेरी मारा म्हणते.

६ मार्च

धार दगडावर घेत होतो. मध्येच गोळी उतरली, आज पंधरा मिनिटं आधी. हात उडाला. काठाला खाच पडली. भिंगाखाली बघितलं नाही. बघवलं नाही. दीड महिन्याची मेहनत. ही म्हणाली, उठा, चालून या. चाळीस मिनिटं चाललो. कुठून कुठे गेलो आठवत नाही.

७ मार्च

खाच काल वाटली त्याच्या निम्मीसुद्धा नाही! काल हातांबरोबर नजरही उतरली असावी. घाबरलेल्या माणसानं माप घेऊ नये.

२३ मार्च

वाईट आठवडा. दीड तासाचा सव्वा तास झालाय. डॉक्टर म्हणे, गोळी वाढवू. घास गिळताना मध्येच थांबतो. लेकीचा फोन आला, आवाज बारीक येतोय बाबा, म्हणाली. फोन खराब आहे म्हटलं.

धार मात्र सुधारतेय. रोज सकाळी बघतो तर आदल्या दिवशीपेक्षा चांगली वाटते. हात विसरला तरी काम हाताला विसरत नाही.

२ एप्रिल

व्यायामवाल्या बाईंना सांगितलं — नियम आपल्याला वाकवायचा, आता आपण नियमाला वाकवतोय. कंपवाताचा माणूस पोलादाची धार बसवतोय, लिहून ठेवा! त्यांनी खरंच लिहून घेतलं.

११ एप्रिल

धार बसली, तराजू झाला. एका केसाला पारडं झुकतं. केस हिचाच घेतला, पांढरा. दोन तुकडे करून दोन्ही पारड्यांत टाकले, कोणता लांब ते काट्यानं सांगितलं. एकशे चौदांत असा एकही नाही.

दांडीवर माझ्या नावाचा शिक्का मारण्याआधी धार भिंगाखाली शेवटची बघितली. दगडानं पडलेले ओरखडे डावीकडे झुकलेले. सगळे. माझे उजवीकडे झुकतात, तीस वर्षं.

ही डावखुरी आहे.

समोर बसून तीस वर्षं भिंगाचा दिवा धरला तिनं. दगड, कानस मी तिच्या हातात एकदाही दिली नाही. मागितलीही नव्हती. मी चालायला गेलो की ती इथं बसत होती. अजून एक फेरी मारा. अजून एक.

मी बिघडवत होतो आणि ती सुधारत होती. किती दिवस, तेही विचारलं नाही. ती भाकरी थापत होती. पाणी मागितलं, तिनं दिलं, दोन्ही हातांनी धरून प्यायलो.

१२ एप्रिल

चाललो. पन्नास मिनिटं.

१३ एप्रिल

चाललो. ही म्हणाली, आता काम झालंय, एवढं लांब कशाला? दमायला होतं तुम्हाला. म्हटलं, सवय लागलीय.

२० एप्रिल

मोत्यांचा व्यापारी आला. केस टाकून बघितला, तीनदा. मग म्हणाला, तुमचा शिक्का दिसत नाही? तो मारून द्या, ठरल्याच्या दुप्पट देतो. हीही म्हणाली, मारा ना, एवढं काय! मी नाही म्हटलं. सांगितलं, हा मी केलेला नाही, हिनं केलाय. तो हसला, मग हसायचा थांबला. त्यानं विचारलं, शिक्क्याशिवाय काय घ्याल? म्हटलं, ते तिला विचारा. मी चालायला निघालो.

शिक्क्यासकट देत होता — एक लाख ऐंशी हजार.