कठड्याची शेवटची जागा

मंगळवार, १८ जून २००२

स्नेहाला सुई टोचली.

सकाळी एवढंच लिहिलं आणि पेन ठेवून दिलं. आता भांडी झाली, धुणं झालं, पुन्हा बसले आहे.

पत्र २९ मेचं. वीस दिवस वाटेत. म्हणजे मी इथे लोणच्याच्या कैऱ्या पुसत होते तेव्हा तिकडे झांबियात सगळं होऊन गेलेलं. लिहिते — वॉर्डात ग्रेस नावाच्या बाईचं रक्त काढत होते, तिला खोकल्याची उबळ आली, हात उडाला, सुई माझ्या अंगठ्यात. ग्रेसला एड्स आहे. त्या वॉर्डात बहुतेकांना आहे. "आई, लगेच हात धुतला. गोळ्या चालू केल्यात, महिनाभर घ्यायच्या. उलट्या होतात, बाकी बरी आहे. सहा आठवड्यांनी रक्त तपासतील, मग तीन महिन्यांनी. प्रार्थना कर, पण गाजावाजा नको. घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हणे.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "कुणापाशी बोलायचं नाही." आणि छत्री घेऊन बाहेर गेले. पाऊस नव्हता.

बुधवार, १९ जून

दोन वर्षांपूर्वी मिशनच्या दवाखान्यात जाते म्हणाली तेव्हा हे नको म्हणत होते. मीच हो म्हटलं. सासरे सांगायचे, शंभर-सव्वाशे वर्षांमागे गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं आपल्या शरणपुरात आणून ठेवली होती. स्नेहा म्हणायची, "तेव्हा ती इकडे आली, आता आपण तिकडे जायचं." किती छान वाटलं होतं ऐकायला. पाठवणीच्या उपासनेत सगळ्यांत मोठ्याने मीच गायले.

तिची पत्रं देवळाच्या महिला मंडळात वाचून दाखवायचे. गेल्या वर्षीच्या एका पत्रात होतं — "इथल्या देवळात निम्म्या मंडळीला हा आजार आहे. प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांना एकच. आई, प्याल्याने, ताटाने, मिठी मारल्याने हा होत नाही, घरोघर जाऊन मी रोज हेच सांगते." मंडळात वाचताना मी तेवढ्या ओळी गाळल्या होत्या.

का गाळल्या? आज विचार करते आहे.

गुरुवार, २० जून

न राहवून चिठ्ठी टाकली.

दर गुरुवारी मंडळात पेटी फिरते. ज्याची त्याने प्रार्थनेची विनंती लिहून टाकायची, नाव घालायचं नाही. अक्काबाई अध्यक्षीण, त्या सगळ्या मोठ्याने वाचतात. मग घड्या घालून परत पेटीत टाकतात आणि प्रत्येकीने एक उचलून घरी न्यायची, आठवडाभर त्या विनंतीसाठी प्रार्थना करायची. मी लिहिलं — "रुग्णाची सेवा करताना एका बहिणीला सुई टोचली. तिच्या रक्तात काही न निघो." नर्स लिहिलं नाही. परदेश लिहिलं नाही. अक्षरही वेगळं काढलं, तिरकं.

अक्काबाईंनी वाचलं. माझी चिठ्ठी झुंबरबाईच्या हाताला लागली. ही शाळेत आया आहे. नवरा सहादू ट्रकवर होता, दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. तिने चिठ्ठी पोलक्यात ठेवली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, सुटले.

सोमवार, २४ जून

सुटले नाही. भाजीबाजारात मालनबाई भेटली. मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हणाली, "काय सुलावहिनी, देवाच्या पेटीतपण काटकसर का?"

मला कळेना. मग हळूच — "तारखेचं पान हो. अख्ख्या मंडळात दुसरं कोण लिहितं त्यावर?"

दिनदर्शिकेचं फाडलेलं रोजचं पान मी टाकत नाही. पाठीमागे कोरं असतं. वाण्याची यादी त्यावर, मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या त्यावर. पंधरा वर्षं सगळ्या माझ्या हातून ही पानं घेताहेत. अक्षर तिरकं काढलं आणि कागद तोच!

"पोरगी बरी आहे ना?" तिने विचारलं. मी कोथिंबीर न घेता घरी आले.

ह्यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "एक कोरा कागद घेतला असता तर दिवाळं निघालं असतं का आपलं?" मग माझा चेहरा बघून वाटीतलं वरण माझ्या भातावर ओतलं.

शुक्रवार, २८ जून

ह्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलंय. सुई हातात घेतली आणि दोरा ओवता येईना. सुयांची डबी वरच्या फळीवर नेऊन ठेवली. सदऱ्याला सेफ्टी पिन लावून दिली. तीही टोचेल म्हणून काढली. हे तसेच गेले.

रविवार, ७ जुलै

आज प्रभुभोजन होतं, सगळ्यांना एकाच प्याल्यातून द्राक्षारसाचा घोट. महिन्याचा पहिला रविवार.

हे नेहमी पुरुषांबरोबर पुढे जातात. मग बायका. मी उठले तशी मालनबाई पाठीमागून घाईघाईने पुढे झाली. तिच्यामागे तिची सून. मग आणखी दोघी. अक्काबाईंचा गुडघा दुखतो, त्या नेहमी मागे राहून सावकाश येतात — आज त्याही मला ओलांडून गेल्या. कुणी धक्का दिला नाही, कुणी काही बोललं नाही. फक्त सगळ्यांना माझ्या आधी प्यायचं होतं.

मी काय स्नेहाचा हात धरून बसले होते का? ती कुठे, मी कुठे, नुसतं पत्र यायला वीस दिवस लागतात!

वेदीपुढच्या कठड्याशी मी गुडघे टेकले. उजवीकडे जागा मोकळी. मग झुंबरबाई येऊन बसली. ती कायम शेवटीच येते. मला वाटायचं, आया आहे, संकोच वाटत असेल. पाळकसाहेबांनी मला प्याला दिला. मी प्याले. त्यांनी पांढऱ्या फडक्याने कड पुसली, प्याला थोडा फिरवला, तिच्यापुढे धरला. तिने दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला आणि परत दिला. ओठ लावले नाहीत. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

म्हणजे तीसुद्धा. माझी चिठ्ठी घेऊन प्रार्थना करणारी.

बुधवार, १० जुलै

स्नेहाचा फोन. पहिली तपासणी चांगली आली!

मी रडले. ती म्हणाली, "आई, हे पक्कं नाही. २७ ऑगस्टनंतरचं खरं." म्हटलं, रजा काढून ये. म्हणाली, "ग्रेसची हालत वाईट आहे. तिच्या दोन मुली आहेत. आजी आहे, तिला दिसत नाही. मी नाही गेले तर त्यांच्याकडे चूल पेटत नाही." मी म्हटलं, त्या बाईमुळे तुझ्यावर ही वेळ आली. ती म्हणाली, "तिला खोकला आला, आई." आणि फोन कट झाला. तिने ठेवला की लाइन गेली, माहीत नाही.

रविवार, ४ ऑगस्ट

देवळात गेले, पण प्रभुभोजनाला उठले नाही. बाकावरच बसून राहिले, डोकं दुखतंय म्हटलं. मी नव्हते तर मालनबाई सगळ्यांच्या मागून रमतगमत गेली. झुंबरबाई शेवटी. आज माझं उष्टं नव्हतं तरी तिने प्याला कपाळालाच लावला. असेल, सवय झाली असेल.

उपासनेनंतर अक्काबाईंनी पाळकसाहेबांना गाठलं. "दिवस बदलले साहेब. ज्याचा त्याचा छोटा ग्लास केला तर?" साहेब म्हणाले, "मंडळीला विचारू." अक्काबाई माझ्याकडे वळल्या, "सुलाबाई, तुमच्याकडे हिशेब असतो. भांडीवाल्याकडे चौकशी करता का?"

मी हो म्हणून आले. हे ऐकून ह्यांचा पारा चढला. "तुझ्यामुळे ग्लास, आणि तूच जाऊन भाव विचारायचा?"

विचारला नाही. पण नाही म्हणायचं धाडसही झालं नाही.

रविवार, ११ ऑगस्ट

अजून सोळा दिवस.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

पत्र. ग्रेस गेली, २२ जुलैला. स्नेहाने स्वतः तिला आंघोळ घातली, नवं लुगडं — तिकडे काय म्हणतात ते — नेसवलं. थोरली पोरगी विचारत होती, "सिस्टर, आईमुळे तुला झालं का?" स्नेहा लिहिते, त्या नऊ वर्षांच्या पोरीला हीच भीती होती, आई गेल्याचं रडूसुद्धा तिने त्यापायी धरून ठेवलं होतं.

पत्र घडी घालून बायबलात ठेवलं. दोन महिने सकाळ-संध्याकाळ गुडघ्यावर बसते आहे. स्नेहाचं रक्त, स्नेहाचं रक्त. ग्रेसचं नाव एकदाही घेतलं नाही. आज घेतलं, तर ती राहिली नाही.

मंगळवार, २७ ऑगस्ट

आज रक्त घेणार. कॅलेंडरचं आजचं पान फाडायला हात होईना, तसंच ठेवलंय.

गुरुवार, २९ ऑगस्ट

फोन नाही. ह्यांनी तीनदा रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे का पाहिलं. मी ओरडले, "ठेवा, तेवढ्यात तिचा येईल!"

शुक्रवार, ३० ऑगस्ट

काही नाही निघालं. रक्त स्वच्छ आहे.

देवबापा. देवबापा. दुसरं काही सुचत नाही.

ह्यांनी बिनबटणाचा सदरा माझ्यापुढे टाकला. "आता तरी लाव." डबी काढली. लावलं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

दुपारी झुंबरबाई आली. मी मनात म्हटलं, बातमी लागली वाटतं, आता आली गोड बोलायला. तरी आत घेतलं, चहा टाकला. कपबशीत दिला. आमच्याच कपबशीत, नेहमीच्या.

म्हणाली, "सलाम बाई. स्नेहाताईचं बरं निघालं म्हणं. पाळकसाहेब बोलले."

मी म्हटलं, "हो. आता प्यायला हरकत नाही माझ्यानंतर."

तिला कळेना. मी बोलून टाकलं — जुलैत कठड्याशी मी पाहिलंय तुम्हाला. प्याला कपाळाला लावलात. मी जवळ होते म्हणून.

तिने पोलक्यातून माझं तारखेचं पान काढलं. घड्या झिजून पार मऊ झालेलं. "आठवडाभर ठेवायची असती चिठ्ठी. म्या ठेवून घेतली. रोज म्हणत व्हते, देवा, ह्या पोरीला तरी वाचीव." त्या पानाच्या आत आणखी एक कागद होता. दवाखान्याचा. तारीख दोन वर्षांपूर्वीची. नाव तिचं. स्नेहाच्या रक्तात जे निघालं नाही, ते हिच्या रक्तात निघालेलं.

वाचून मला काय झालं ते खरं लिहिते. माझी नजर कपाकडे गेली.

तिने ते पाहिलं. कप खाली ठेवला. "सहादूला छातीचं नव्हतं बाई. ट्रकवरचं व्हतं. मंग माझंबी तपासलं. तवापासून म्या प्याल्याला तोंड लावलं नाय. माझ्या उष्ट्यानं कोणाला काय झालं तर? म्हणून शेवटाला बसते. मागं कोणी नको. तुमची चिठ्ठी वाचली तवा वाटलं, हिच्यापाशी बोलता यील. दोन म्हयने धाडस गोळा करते."

आणि मी दोन महिने तिच्यावर धुमसत होते.

मी म्हटलं, "प्याल्याने होत नाही. स्नेहा म्हणते."

ती म्हणाली, "स्नेहाताई म्हणते. तुमी काय म्हणता?"

मी दवाखान्याचा कागद घडी करून तिला परत दिला. ती "कोणाला सांगू नका" म्हणून गेली.

ती गेल्यावर मी तो कप राखेने घासला. मग उकळत्या पाण्यात टाकला. मग तिसऱ्यांदा घासायला घेतला आणि तिथेच मोरीत बसून राहिले. पोरगी तिकडे त्या रुग्णांना आंघोळ घालते आणि आई इथे कप उकळते. गेल्या वर्षी वाचताना गाळलेल्या ओळी आज पुन्हा काढून वाचल्या. मोठ्याने. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

कप मांडणीत ठेवला, बाकीच्या कपांत. आता कोणता तो मलाही ओळखू येणार नाही.

रविवार, १ सप्टेंबर

आज मी बाकावर थांबून राहिले. सगळ्या गेल्या. झुंबरबाई माझ्यासाठी खोळंबली. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." तिला कळलं. पाय उचलेना तिचा. मी कोपराला धरून नेलं, तिला आत बसवलं आणि कठड्याच्या शेवटच्या जागेवर मी बसले.

तिने प्याला हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन वर्षांनी घोट घेतला. साहेबांनी कड पुसली. प्याला माझ्यापुढे आला. भीती वाटली. खोटं कशाला लिहू.

कपाळाला लावला नाही.