एक जूनची रत्नमाला

जऊळका, स्टेशनच्या बाजूला
बुधवार, दुपारची उन्हं

चि. रत्नमाला हिस दादाचा मनापासून जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. दिवाळीनंतर तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी तो हातात धरून नुसता वाजू दिला. पहिल्या वेळी मी जेवत होतो, दुसऱ्या वेळी झोपलो होतो असं समज, तिसऱ्या वेळी मात्र काहीच करत नव्हतो, तुझं नाव उजळलेलं बघत बसलो होतो. का उचलला नाही ते पुढे येईलच. इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या वहिनीचे (विमलबाईंचे) गुडघे थंडीत कुरकुरतात, त्यापेक्षा जास्त ती माझ्यावर कुरकुरते. किशनरावांना माझा जयभीम सांग, त्यांची साखर आता आटोक्यात असेल. तुझा धरलेला खांदा कसा आहे? हात वर जातो का, आणि नेमका कुठवर जातो, कपाळापर्यंत की डोक्यापर्यंत, ते नीट लिही. (मला त्याचं एक काम आहे, पण ते शेवटी.)

शफीक तुला आठवत असेल. स्टेशनसमोर घड्याळं दुरुस्त करायचा तो. आता लोकांची घड्याळं मोबाईलच्या पोटात गेली, म्हणून तो मोबाईल उघडतो, पण डोळ्याला भिंग तेच जुनं. भादव्यात मी माझा फोन बंद पडला म्हणून त्याच्याकडे नेला (बंद पडला नव्हता, मी बटणच दाबत नव्हतो, पण ते त्यानं चारचौघांत सांगायची गरज नव्हती). फोन सुरू झाल्यावर त्यानं गंमत म्हणून इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात तुझं नाव टाकलं आणि भिंग कपाळावर सरकवून म्हणाला, "जान्या, ये देख, अपनी रत्ना!" खरंच तू होतीस. तीन वाक्यांची. पहिलं, की रत्नमाला खिल्लारे (जन्म १ जून १९६४) या माजी धावपटू असून त्यांनी आठशे मीटरमध्ये राज्याचं सुवर्णपदक मिळवलं. दुसरं, की त्या पुढे रेल्वेकडून धावल्या. या दोन वाक्यांनी माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं वरचं बटण आवळू लागलं. मग तिसरं वाक्य वाचलं : १९८२च्या कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत वय लपवल्याचे आढळल्याने त्यांना अपात्र ठरवण्यात आले. तेव्हापासून, रत्ना, माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

हे पान कुणालाही दुरुस्त करता येतं, असं शफीक म्हणाला. कुणालाही म्हणजे मलाही. सातवी पास माणसानं ज्ञानकोशात हात घालायचा म्हणजे धाडसच. पण मी तीस वर्षं रेल्वेत की-मन होतो. रोज रुळावरून चालायचं, चावी सैल दिसली की हातोड्याचा एक ठोका, पुढे निघायचं. ते तिसरं वाक्य मला सैल चावीसारखं दिसू लागलं. आपण ठोका न देता पुढे गेलो आणि मागून गाडी आली तर?

खरं सांगतो, पहिले काही दिवस मी ठोका दिलाच नाही. जेवण झालं की अंगणात बाज टाकून फोन छातीवर ठेवायचा आणि पान उघडायचं. तुझा फोटो तिथे नाही, फोटोच्या जागी एक करडा चौकोन आहे, त्यात डोकं आणि खांदे एवढाच आकार. त्या करड्या आकाराकडे बघता बघता माझा डोळा लागायचा आणि चौकोनात हळूहळू उजेड यायचा. तेव्हाची अरुंद रुळांची छोटी लाइन दिसायची. अकोल्याकडची गाडी स्टेशनातून नुकती हललेली, आणि तू रुळांच्या बाजूच्या पायवाटेवर, वेणीची रिबीन सुटलेली, गाडीच्या बरोबरीनं. गार्ड हिरवी झेंडी आत घ्यायचं विसरून तुझ्याकडेच बघतो आहे. धावताना तुझ्या पायांचा आवाज यायचा नाही, हे तुला कुणी कधी सांगितलं का? धूळ उडायची, आवाज नाही. गाडी एवढी मोठी, धापा टाकायची, आणि तू ढगाच्या सावलीसारखी शेतावरून निघून जायचीस. जाग यायची तेव्हा पान बंद झालेलं असायचं आणि तुझी वहिनी उभी. "अवो, त्या मोबाईलमंदी काय पाह्यता दिवसभर? सवत हाये काय तिथं?" मी म्हटलं, नणंद आहे. त्यावर ती म्हणाली, "मंग तर पाहाच." (तुमचं दोघींचं तसं बरं आहे, मी फक्त लिहून ठेवतो.)

पान महिन्यात किती जणांनी पाहिलं तेही तिथे कळतं. पहिल्या महिन्यात तीस जणांनी पाहिलं. मी आनंदानं शफीकला सांगायला गेलो. त्यानं विचारलं, तू किती वेळा पाह्यतो? मी म्हटलं, रोज एकदा, एक दिवस तेवढा अनसिंगला लग्नाला गेलो होतो. तो बोटांवर मोजत म्हणाला, "तीस में से उनतीस तू. बाकी एक कौन है?" तो एक म्हणजे सेवालाल, चहाच्या हॉटेलातला. त्याच्या फोनवर पान मीच उघडून दिलं. मला पहिली दोनच वाक्यं दाखवायची होती, म्हणून तिसऱ्यावर अंगठा ठेवला. अंगठा ठेवल्यावर पान वर सरकतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सेवालालनं मोठ्यानं वाचलं आणि भरल्या हॉटेलात विचारलं, "काहो जानराव, तुमच्या बहिणीनं वय लपोलं व्हतं काय?" मी चहा तसाच टाकून आलो. तीन महिने झाले, तिकडे फिरकलो नाही. घरचाच चहा पितो आणि तो कसा असतो ते तुला माहीत आहे.

मग मी कामाला लागलो. आधी तुझी ओळख नीट करून दिली. अतिशय गुणी, मनमिळाऊ, अंबाडीची भाजी आवडती. एकदा मी भाकरी घरी विसरलो तर किन्हीराजाच्या वाटेपर्यंत धावत आणून दिली आणि फडक्यातली चटणीसुद्धा सांडली नाही. शेवटी 'आपला नम्र, जानराव' अशी सही केली. दुसऱ्या दिवशी सगळं गायब! सत्यान्वेषी नावाचे कोणी साहेब तिथे राखण करतात. त्यांनी लिहिलं, लेखाचा सूर कौतुकाचा आहे. मी उत्तर दिलं की भावाचा सूर कौतुकाचा नसेल तर काय तलाठ्याचा असेल? त्यांनी विचारलं, म्हणजे आपण विषयव्यक्तीचे नातेवाईक आहात का? मी घाबरून नाही म्हणून लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं, जानराव खिल्लारे. (हे लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.) फोटोही चढवून पाहिला. तुझा एकच होता, माझ्या लग्नातला. त्यावर साहेबांचा प्रश्न आला की यातली खेळाडू कोण? तू कडेला अर्धी दिसतेस, मधोमध मी, डोक्याला बाशिंग. मी त्यांना हुरडा खायला घरी बोलावलं. चर्चेच्या पानावर आमंत्रणं देऊ नयेत, असं कळलं. तरी मी दर वेळी आधी त्यांच्या मुलाबाळांची खुशाली विचारतो. उत्तर देत नाहीत, पण वाचत असतील.

मग मी तिसरं वाक्य खोडलं. त्यांनी परत आणलं, त्याला एका बंद पडलेल्या वर्तमानपत्राचा संदर्भ आहे म्हणे. मी जन्मतारीख बदलली, सहा डिसेंबर १९६५ केली. त्यांनी परत एक जून केली. चौदा वेळा तू सहा डिसेंबरला जन्मलीस आणि चौदा वेळा एक जूनला. माझी तारीख खरी आहे. बाबा त्या वर्षी दादरला चैत्यभूमीवर गेले होते, नऊ तारखेला उजाडता घरी पोचले तेव्हा तू तीन दिवसांची होतीस, आणि त्यांनी आणलेली निळी पताका आईनं तुझ्या पाळण्याला बांधली. मी सात वर्षांचा होतो, पताका मीच धरली होती. साहेबांनी विचारलं, वडील दादरहून परतल्याचा पुरावा? आता साठ वर्षांपूर्वीचं रेल्वेचं तिकीट कुठून आणू, मी स्वतः रेल्वेत असलो तरी?

पण मागच्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदाच मायेनं लिहिलं. काका, असं लिहिलं. काका, चौदा वेळा बदललंत, तर शाळेच्या दाखल्यावर एक जून कशी आली तेवढं सांगा.

मी चष्मा पुसला. परत घातला. लिहायला बसलो, तर अक्षरच उमटेना, कारण हे जगाच्या आधी तुला सांगायला हवं. म्हणून फोन नाही, म्हणून पत्र.

ऐक. आई-बाबा दोघं मजुरीला जायचे आणि तू माझ्या कडेवर. तुला घेऊन शाळेत बसता येईना, आणि तू घरी एकटी राहीनास. गुरुजी म्हणाले, जान्या, यंदा आला नाहीस तर नाव कापतो. मला शाळा फार आवडायची, रत्ना. फळ्याचा ओला वास आवडायचा. मग मी ठरवलं की तुलाही भरती करायचं, म्हणजे दोघं जाऊ. तुला होती साडेचार वर्षं, लागत होती सहा. जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा, गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. पोचला की सहा पूर्ण, जन्म एक जून. अर्धी शाळा एक जूनची होती. तुझा हात दोन बोटं कमी पडत होता. मी तुझे केस कापले, कारण केसांत एक बोट जायचं. (आईला उवांचं कारण सांगून मार खाल्ला.) मान जरा वाकडी करायला शिकवलं. आणि उरलेल्या बोटासाठी डाव्या कानामागे गुळाचा खडा चिकटवला. गोठ्याच्या सावलीत आठ दिवस तू त्या गुळासाठी हात ताणत होतीस आणि मी म्हणायचो, अजून थोडं, अजून थोडं. नवव्या दिवशी गुरुजींसमोर तू कान नुसता धरला नाहीस, गूळ काढून खाल्लास. मुंगीसकट.

तू वय लपवलं नाहीस. मी वाढवलं. बारा वर्षांनी नागपूरच्या टेबलावर स्पर्धेच्या साहेबांनी शाळेचा दाखला पाहिला, अठराच्या मर्यादेवर सहा महिने जास्त काढले आणि तुझा नंबर परत घेतला, तेव्हा तू सतरा वर्षं आणि दोन आठवड्यांची होतीस. धावायला पाय होते, वय होतं, फक्त माझा गूळ मध्ये आला. त्यातच त्या पेपरवाल्यानं लपवलं म्हणून छापलं. रेल्वेतूनही तुला दीड वर्ष आधी घरी बसवलं, तोही माझाच हिशेब. आपल्या घरात सगळे म्हणतात जानरावनं बहिणीला शिकवलं. शिकवलं खरं. पण मी सातवीनंतर सुटलो आणि तू त्या तारखेत अडकलीस.

असो. मला काही नको. खुशाली कळावी म्हणून लिहिलं. वहिनीनं तुझ्यासाठी तुरीची डाळ भरडून ठेवली आहे.

तुझा,
दादा

ता. क. : मला काही नको असं वर लिहिलं, ते खरं नाही. साहेब म्हणतात, खेळाडूनं स्वतः जाहीरपणे आपली तारीख आणि हकिकत सांगितली, कुठे छापून आली, तर पान बदलता येईल. पंधरा दिवस थांबतो म्हणाले, त्यातले आठ मी हे पत्र लिहिण्यात घालवले. तू बोलावंस. माझं नाव घालून बोल. जानराव खिल्लारे, बंधू, असं स्पष्ट सांग.

दुसरा ता. क. : नागपूरला मी त्या टेबलावरच्या साहेबांशी तासभर भांडलो अशी गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आलो. तुझ्या लग्नात तूही सगळ्यांना तीच सांगितलीस. मी भांडलो नव्हतो. तू टेबलासमोर उभी होतीस आणि मी मैदानाच्या नळावर पाणी पीत होतो. तहान नव्हती. तू मागे वळून मला शोधत होतीस, ते मला नळावरून दिसत होतं.

तिसरा ता. क. : खांद्याचं काम सांगायचं राहिलं. हे वाचून झालं की उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धरून बघ. खांदा दुखला तर सोड. पण पोचला, आणि माझ्यावरचा राग तोवर थोडा उतरला, तर लगेच कळव. फोन कर. या वेळी पहिल्याच घंटीला उचलतो. आणि अगदीच एक बोट कमी पडलं, तर ये इकडे, गूळ घरात आहे.