विमलबाई : प्रशिक्षण बाकी

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, मंजूर झाली एकदाची. सलाईनचा सेट ज्या पाकिटात जातो त्याचं सील कसं तपासायचं, ते सगळं बदललं. एका दवाखान्यातून तक्रार आली होती — पाकीट एका कडेनं उघडं. वेळेवर नर्सच्या लक्षात आलं म्हणून बरं. आता प्रत्येक पाकीट दिव्यासमोर धरून बघायचं. शिवाय प्रत्येक ट्रेमधल्या एका पाकिटात निळं पाणी सोडायचं. सीलमधून निळी रेघ बाहेर आली की अख्खा ट्रे बाद.

पुढच्या सोमवारपासून लागू. त्याआधी सीलिंगच्या सगळ्या बायकांना शिकवायचं, परीक्षा घ्यायची, पास झाल्याची नोंद करायची. जिची नोंद नाही तिनं टेबलाला हात लावायचा नाही. कोण शिकलं, कोण राहिलं हे बघणं हीच माझी नोकरी.

यादी काढली. पहिलं नाव विमलबाई. घरी मी त्यांना आत्या म्हणते — सासू! इथं विमलबाई. नियम त्यांचाच. मला इथं चिकटवलं त्यांनीच, आणि पहिल्या दिवशी बजावलं पण त्यांनीच : "गेटाच्या आत नातं न्हाय."

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली तुकडी झाली. आत्या आल्या नाहीत. मशीन सोडता येत नाही असा निरोप.

श्रीदेवी सीलिंगला त्यांच्या शेजारीच बसते. ती म्हणाली, "सुनंसमोर बाकड्यावर बसायचं म्हंजे सोपं हाय व्हय मॅडम!" सगळ्या हसल्या. मीपण हसले. मग लिहिलं — गैरहजर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी तुकडी. आत्या आल्या. शेवटच्या बाकावर, हाताची घडी. तोंडी प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली, एक तर माझ्यापेक्षा नेटकं. मग प्रात्यक्षिक. चांगल्या पाकिटांत मुद्दाम काही खराब मिसळलेली असतात, ती दिव्यासमोर धरून बाजूला काढायची.

आत्यांनी भराभर सगळी पाकिटं उलटली. कारखाना उघडल्यापासूनचा हात, थांबतच नाही. "समदी चांगली हायत."

एकही काढलं नव्हतं. मी म्हटलं, "विमलबाई, परत एकदा बघा."

"बघितलं की."

"निवांत बघा. घाई नाही."

त्यांनी एक पाकीट उचललं, उजेडात धरलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि ठेवून दिलं. "चांगलंच हाय."

त्यात चांगली ठळक फट होती. श्रीदेवी खाली बघत होती.

मी अपात्र लिहिलं. हात थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही.

घरी परतताना कंपनीच्या गाडीत आत्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. मी मागं. आमचं गाव, तेर, येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आत्यांना खोक्यांच्या विभागात टाकलं. तिथं सील बघायचं नसतं, खोक्याला चिकटपट्टी लावायची.

जेवताना रणधीर म्हणाला, "आई खोकी भरायलीय म्हणं?" नवऱ्याला एसटी डेपोत कळलं. गावात आधी पोचतं सगळं, घरी मागून.

मी म्हटलं, "हो."

"एक सही तर करायची होती तुला."

"त्यांनी खराब पाकिटं चांगली म्हटली, रणधीर."

"एखाद्या दिवशी होतं की माणसाचं!"

आत्या भाकरी थापत होत्या. थापणं बंद झालं नाही. खरंच होतं एखाद्या दिवशी. पण मग पुन्हा शिकायचं, पुन्हा बसायचं. एवढंच. जेवले.

८ फेब्रुवारी, शनिवार

कृष्णराज सरांनी बोलावलं. उत्पादन त्यांच्याकडं. ऑर्डर तोंडावर आहे आणि सीलिंगला माणसं कमी. दोन बायकांची बाळंतपणं, त्यात ही नवी परीक्षा.

"विमलबाईंचं काय ते करून टाका. घरचंच तर माणूस आहे तुमच्या."

"परत शिकवते सर. बुधवारी परत परीक्षा घेते."

"सोमवारी लागतात मला त्या."

"सोमवारी नाही होणार. मी रजेवर आहे. नळदुर्गला भावाचा साखरपुडा."

"बरं," म्हणाले. फार सहज म्हणाले. तेव्हा काही वाटलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

नळदुर्ग. मुलगी छान आहे, लाजत नाही. आईनं विचारलं, विहीणबाई का नाही आल्या? म्हटलं, काम होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नळदुर्गहून थेट कामावर. दिवसभर ऑफिसातच, गेल्या महिन्याचे कागद. संध्याकाळी घरी चहा टाकला तर आत्या दारात येऊन उभ्या. गुरुवारपासून पहिल्यांदाच माझ्याकडं तोंड करून बोलल्या.

"तुला कुणी सांगितलं व्हतं?"

"काय आत्या?"

"मला पास कराया. काल परत सीलिंगला बसीवलं. आजबी. तुमची नोंद झाली म्हणं." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "नापास केलीस तवा राग आला. लई आला. पर ते तुझं काम व्हतं. हे काय हाय? कीव?"

"मी काही केलं नाही. मी तर नळदुर्गला होते!"

"मग कुणी केलं?"

"माहीत नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या परीक्षा दिली न्हाय. तेवढं काढून टाक." आणि गेल्या. चहा उतू गेला होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कॉम्प्युटरवर बघितलं. विमलबाई — पात्र. तारीख सोमवारची. शिकवणारा : रुद्रेश. तो सीलिंगचा सुपरवायझर, नोंद करायचा अधिकार त्यालाही आहे. त्याला विचारलं. म्हणाला, "साहेबांनी सांगितलं, मॅडम. मला काय, घरी लेकरं हायत."

दहा मिनिटं खुर्चीत बसले असेन. आत्यांचं नाव परत वर न्यायचं म्हणजे काय काय होईल ते दिसत होतं. मग निवेदिता मॅडमकडं गेले. गुणवत्तेच्या प्रमुख त्या. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं :

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"विमलबाईंनीच."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सोमवार-मंगळवारचा सीलिंगचा सगळा माल अडवून ठेवला. पुन्हा तपासणार, एकूण एक पाकीट. पात्रतेची नोंद रद्द. विमलबाई परत खोक्यांना.

जिन्यात कृष्णराज सर भेटले. "सासू-सुनेचं भांडण कारखान्यात आणलंत तुम्ही."

भांडण नव्हतंच — हे त्यांना सांगून काय उपयोग?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रणधीर बोलत नाही. आज डबा न घेताच डेपोला गेला. आत्यांनी तो डबा स्वतःच्या पिशवीत टाकला. म्हणाल्या, "जाऊ दे. भूक लागल्यावर ईल ताळ्यावर."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अडवलेल्या मालात सुटलेल्या सीलची पाकिटं सापडली. आत्यांच्या टेबलावरची. आकडा मॅडमनी मला सांगितला नाही. मी विचारलापण नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फेरपरीक्षा. या वेळी मॅडमनी स्वतः घेतली, मला बाहेर थांबवलं. बरोबरच आहे. काचेतून दिसत होतं. आत्या ताठ बसलेल्या. एकेक पाकीट उचलायच्या, दिव्याच्या अगदी जवळ न्यायच्या, मान तिरपी करायच्या. आज घाई नव्हती. मध्येच हातातलं पाकीट खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. मॅडम काहीतरी विचारत होत्या.

आत्या उठल्या. उरलेली पाकिटं तशीच टेबलावर.

माझ्या शेजारून गेल्या. हळूच म्हणाल्या, "लिही. नापास लिही."

लिहिलं.

श्रीदेवी नंतर आली. "मॅडम, त्यास्नी घरी जरा सांभाळा. आमी त्यांच्याकडूनच शिकलो वो समद्या."

मला माहीत आहे. मी पण तिथंच शिकले. पहिल्या महिन्यात दिव्याखाली पाकीट धरून फट कशी दिसते ते मला त्यांनीच दाखवलं होतं. केसाएवढी फट. त्यांना लगेच दिसायची, मला दिसायची नाही!

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी ओसरीवर ज्वारी निवडत होते. रणधीर बाहेर गेलेला. आत्या शेजारी येऊन बसल्या. सुपाला हात लावला नाही.

"डाव्या डोळ्यानं कायबी दिसत न्हाय. उजव्यानं बी धुरकट. दिवाळीच्या आधीपासनं."

कंपनीत डोळे तपासले होते की, डिसेंबरात! नोंद मीच केली आहे — दृष्टी ठीक.

"पुढची बाई वाचत व्हती, ते ध्यानात ठिवलं आन् तेच म्हणले." मग दाराकडं बघून म्हणाल्या, "रणधीरला ठावं न्हाय. तुलाच सांगितलं."

म्हणजे फक्त दोन दिवसांचा माल नाही. दिवाळीच्या आधीपासून त्यांच्या हाताखालून गेलेलं सगळं. कुठल्या कुठल्या दवाखान्यांत पोचलं असेल ते.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "उद्या मॅडमकडं जायचं. तू बोल. म्या तुझ्या शेजारी हुबी राहते."