कच्च्या टाक्याचं पान

२ फेब्रुवारी
आज त्याची पेटी आली. जपानहून. दोन शर्ट, दाढीचं सामान, घड्याळ आणि एक चौकटींची वही — सगळी जपानीत! अक्षर माझ्या लेकाचं, आणि आईला त्यातलं ओ का ठो कळत नाही.
त्याच्या तिथल्या कारखान्याच्या पत्रात एकच ओळ: वसतिगृहाच्या जिन्यावरून पडून गेला. नातेवाईक तोंडावर माना डोलावतात, पाठ वळली की कुजबुजतात — धडधाकट एकवीस वर्षांचा पोरगा, असा कसा पडेल?
वहीत शेवटच्या पानावर तारीख आहे. आकडे मला येतात. त्याच दिवसाची आहे.
ते पान समोरच्या पानाला कच्च्या टाक्याने शिवून टाकलं. आधी बाकीची वही वाचीन, मग ते. आज हिंमत नाही.

५ फेब्रुवारी
थोरली लेक म्हणाली, "आई, मोबाइलने फोटो काढ, मिनिटात मराठी होतं." काढला. मोबाइलने काय म्हणावं — "मासा काल कपाटात गेला"! आमच्या चिरंजीवांचं अक्षर शाळेतल्या बाईंना लागलं नाही, तिथे यंत्राची काय कथा!
परक्याला दाखवणार नाही. त्याने आधी वाचायचं आणि मग माझ्याकडे कीव करून बघायचं? नको. मीच शिकते.

११ फेब्रुवारी
वाचनालयातून जपानी शिकायचं पुस्तक आणलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "नवे सगळे हेच नेतात." आधी शेचाळीस अक्षरं. सहा-सहा कागदावर लिहून कामावरच्या शिलाईच्या मशीनवर चिकटवली. बॉबिन बदलेपर्यंत एक घोकायचं. 'नु' आणि 'मे' अगदी सारखी दिसतात मेली! मुकादम ओरडला, "मावशी, कॉलर उलटी लावलीत!" लागली तर लागली.

२६ फेब्रुवारी
येत नाही. येत नाही. येत नाही.

१९ मार्च
शेचाळीस झाली. आता कानात धडे लावून भाजी चिरते आणि पाठोपाठ बोलते. हे दारातून बघतात. पेटी आल्यापासून यांनी लेकाचं नावही काढलेलं नाही.
तिकडे स्वतःच्या आईला 'हाहा' म्हणतात. हाहा! हसू की रडू?

८ एप्रिल
वाचलं! शब्दकोशात एकेक शब्द शोधून, वहीतलं आख्खं वाक्य! "काल मित्राबरोबर सिनेमा पाहिला." त्याला मित्र होता तिथे! एकटा नव्हता माझा बाळ! यांना हाताला धरून आणलं, वाचून दाखवलं. यांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

२२ एप्रिल
"रविवारी बागेत गेलो. फुलं सुंदर होती."
ज्याला फुलं दिसतात, तो जिवाचं बरंवाईट कशाला करील? सांगा ना कोणी!

१४ मे
पुस्तकातला सहावा धडा उघडला. तिसरं वाक्य — काल मित्राबरोबर सिनेमा पाहिला. चौथं — रविवारी बागेत गेलो. पाचवं — फुलं सुंदर होती.
वही समोर धरली. ओळीला ओळ तीच. पहिले पाच धडे कुठल्या तरी आधीच्या वहीत असणार. ही सहाव्यापासून सुरू होते, एवढंच.
मित्र नव्हता. बाग नव्हती. पोरगं पुस्तकातलं उतरवून काढत होतं! आणि मी मूर्ख बाई, तीन महिने त्याचा गृहपाठ छातीशी धरून बसले. शिवलेल्या पानावर तरी दुसरं काय असणार?

१६ मे
मशीनवरचे कागद फाडले. पुस्तक परत द्यायला निघाले तर हे दारात आडवे उभे. म्हणाले, "तो जिथे थांबला तिथपर्यंत तरी चल की. मीही येतो." मग पुस्तक माझ्या हातातून घेऊन, "पहिलं अक्षर कुठलं?"
मी म्हटलं, "आ."
"आ," हे म्हणाले. मग दोघंही रडलो, चपला घालून, दारातच.

३० जून
दहावा धडा. हे अजून 'नु'ला 'मे'च म्हणतात. आणि वर माझ्याशीच वाद घालतात!

१९ जुलै
तेरावा संपला. उघडी पानंही संपली. उरलं ते शिवलेलं.

२७ जुलै
चौदाव्या धड्याखाली स्वाध्याय आहे. "पुढच्या सुट्टीत मी —" आणि पुढे रिकामी रेघ. उतरवून काढायला पुस्तकात काहीच नाही. ज्याचं त्याने लिहायचं.
टाका उसवला. वही यांच्यापुढे सरकवली. यांनीच वाचलं, अक्षरावर बोट ठेवून: "पुढच्या सुट्टीत मी हाहाला इकडे आणणार आहे. तिला समुद्र दाखवणार आहे."
पाय घसरला हो त्याचा. नुसता पाय घसरला.