कोरं ठेवलेलं ग्रिल

दि. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोन करण्यात अर्थ नाही. कारखान्यात असलीस की भट्टीच्या आवाजात तुला ऐकू येत नाही, आणि घरी असलीस की समोरच्याला तू बोलू देत नाहीस. म्हणून पत्र. निदान हे वाचताना तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

बातमी अशी, की मी गोदामातली नोकरी सोडली. खरं म्हणजे गोदामच दुसऱ्या गावी हललं. तिकडे खोली घेऊन एकट्याने राहायचं, हाताने कपडे धुवायचे आणि महिन्यातून एकदा पाहुण्यासारखं घरी यायचं, हे काही मला पटेना. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत माझी जागा राखून ठेवली आहे, हा त्यांचा चांगुलपणा. मला तिची गरज पडणार नाही.

मी घरासमोरच्या मोकळ्या जागेत भाजलेलं जेवण विकणार आहे. त्यासाठी एक मोठं ग्रिल घेतलं. काळंभोर, चकचकीत, झाकणात तोंड दिसेल असं. ते लाकडाच्या भुशाच्या, दाबून केलेल्या गोळ्यांवर चालतं. गोळ्या पेटीत ओतायच्या, हवा तो आकडा लावायचा आणि खुर्ची ओढून बसायचं. आतला स्क्रू फिरत राहतो आणि लागतील तशा गोळ्या जाळात ढकलतो. शेजारच्या छापखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, की शनिवारी सतरा तारखेला सगळ्या कामगारांना जेवू घाला, त्यांना आवडलं तर रोजचं दुपारचं जेवण तुमच्याकडून. म्हणजे आमचं बस्तान बसलंच म्हण.

एक किरकोळ बाब राहिली आहे. ग्रिल तापत नाही. कोमट होतं आणि तिथेच थांबतं. काल सकाळी लावलेल्या कोंबडीच्या तंगड्या दुपारी काढल्या, तरी हाडाजवळ लाल. बटाटे तर फेकून मारता आले असते. गोळ्या चालू आहेत पण ताप येत नाही, असा हा पहिलाच रोगी. तू इतकी वर्षं टाइल्सच्या भट्ट्या सांभाळतेस, तेव्हा दोन ओळींत काय ते लिही. दोनच ओळी लिही, भाषण नको.

आम्ही सगळे मजेत. तुझी माया आहे तशी असू दे, तिच्यात आणखी भर घातलीस तरी तक्रार नाही.

तुझा,
धाकटा


दि. ५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी सोडून झाल्यावर मोठ्या बहिणीला कळवायचं, ही तुझी जुनीच तऱ्हा. लहानपणी केस कापून आल्यावर विचारायचास, की कापू का म्हणून. असो. मला विचारलं असतंस तर मी सोड म्हणाले असते, म्हणून रागावत नाही.

आता ग्रिल. भट्टी केवढीही असो, तिला तीन गोष्टी लागतात: कोरडं सरपण, मोकळी हवा आणि तिला उघडून न बघणारा माणूस. म्हणून आधी एक गोळी हातात घेऊन मोड. कट्कन मोडली तर ठीक, बोटांत भुगा झाला तर ओल धरली आहे, सगळं पोतं बदल. मग ज्या वाटीत जाळ लागतो ती बघ. राख साचली असेल तर हवेची भोकं बुजतात आणि जाळ गुदमरतो. मग पंखा फिरतो का बघ. मागच्या बाजूला तू नक्की काहीतरी टेकवून ठेवलं असशील. आणि शेवटचं म्हणजे झाकण उघडू नकोस. मी तुला ओळखते. तुला दर पाच मिनिटांनी आत डोकावल्याशिवाय चैन पडत नसणार.

या चारांपैकीच एक असणार, मी लिहून देते. सगळं करून बघ आणि पडद्यावर आकडा किती दिसतो तेही कळव.

माझी तब्येत उत्तम आहे. नवीन भट्टीवाला पोरगेलासा आहे, पण माझ्या ओरडण्याला आता सरावला. घरच्यांना आशीर्वाद सांग, आणि मनातून मला विसरू नका, पत्रातून विसरलात तरी चालेल.

तुझी,
ताई


दि. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू जे लिहून दिलंस ते सगळं खोटं निघालं. गोळ्या कट्कन मोडतात, तेही चारी बाजूंनी. वाटीत राख नाही, कारण मी रोज व्हॅक्यूमने ती साफ करतो. पंखा भुर्रकन फिरतो. ग्रिलच्या मागे काहीही टेकवलेलं नाही, उलट मी आमच्या लेकीला, चिमणीलाही त्याच्या आसपास फिरकू देत नाही. झाकण उघडत नाही म्हणून तर हात बांधून बसलेला असतो, शेजारीपाजारी विचारतात की तब्येत बरी नाही का.

आकड्याचं म्हणशील तर तो अगदी झकास चढतो. चहा गाळून होईपर्यंत पूर्ण दोनशे तीस अंश! पडद्यावर दोनशे तीस आणि आत कणसं गार, यात माझी काय चूक ते तूच सांग. गोळ्याही फारशा खात नाही, पेटी भरलेलीच राहते. त्या बाबतीत फार गुणी आहे.

बाकी माझी जपणूक बघितलीस तर तू खूश होशील. इतकं वापरलं, पण ग्रिलवर एक डाग नाही, एक ओरखडा नाही. परवा दुकानदार इकडून जाताना थांबला, तोही म्हणाला की आज शोरूममधून काढल्यासारखं दिसतंय. सतरा तारखेचं मी अजिबात मनावर घेतलेलं नाही, कारण तोवर हे सरळ होणार. तू फक्त लवकर उत्तर दे.

चूक काढ, पण आशीर्वाद मागे घेऊ नकोस.

तुझा,
धाकटा


दि. ९ मार्च

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हांला पत्र लिहितेय हे ह्यांना माहीत नाही. तुम्ही सांगितलंत तरी माझी हरकत नाही, पण मी सांगायला गेले तर हे विषय बदलतात.

ह्यांच्या पत्रांत सगळं आनंदीआनंद असणार, मला कल्पना आहे. घरात मात्र वेगळं आहे. ग्रिलचं खोकं अजून दिवाणखान्यात उभं आहे, आत थर्मोकोल नीट रचून ठेवलेला. त्याला वळसा घालून आम्ही जेवायला बसतो. ग्रिलवरचे स्टिकर हे काढू देत नाहीत. आतून तर सगळा चांदीचा महाल केला आहे. रोज नवीन फॉइल. खालच्या पत्र्यावर, कडांवर, भिंतींवर पार वरपर्यंत, कुठे काळी जागा दिसू नये अशी चेपून बसवतात. तेवढा वेळ आमच्या लग्नात फेटा बांधायलाही लावला नव्हता. स्वयंपाक झाला की ते फॉइल काढायचं, पुसायचं आणि दुसरं लावायचं.

हे असं का, ते मला ठाऊक आहे. ग्रिल घेतलं त्या दिवशी हे म्हणाले होते, की जमलं नाही तर मुदतीत परत करीन आणि मुकाट्याने गोदामात रुजू होईन, तुला घोर लावणार नाही. दुकानदार कोरं असलं तरच परत घेतो. मी तेव्हा मान हलवली, ती ऐकतेय म्हणून. ह्यांनी तो होकार धरला. तेव्हापासून हे माझ्याकरता ग्रिल जपताहेत आणि मी ते परत कर असं एकदाही म्हटलेलं नाही.

परत करायची मुदत सतरा तारखेलाच संपते. पुढच्या शुक्रवारपर्यंत तापलं नाही तर हे ते देऊन टाकतील आणि दुसऱ्या गावची गाडी पकडतील, आणि वर मलाच सांगतील की सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ताई, मला हे घरी हवे आहेत. धंदा धडपडत चालला तरी मी बघून घेईन. ग्रिलचं काय करायचं ते तुम्हांला कळेल, तेवढं करा.

चिमणीचा तुम्हांला नमस्कार. आमच्यावर जीव आहेच तुमचा, तो असाच राहू दे.

तुमची,
भावजय


दि. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझे चार अंदाज चुकले ते मी मोजत नाही, तूही मोजू नकोस. आता पाचवा ऐक, हा पक्का आहे.

चहा गाळून होईपर्यंत आकडा दोनशे तीस, हे वाचूनच मी चपापले होते. इतक्या झटपट कुठलीच भट्टी तापत नाही. त्यात तू आत फॉइल लावतोस असं मला कळलं. कुठून कळलं ते विचारू नकोस. तुझ्या ग्रिलमध्ये जाळ खाली असतो, त्यावर चरबी गळायचा पत्रा, आणि त्या पत्र्याच्या कडेला ठेवलेल्या फटीतून गरम हवा वर चढते. तू फॉइल भिंतीपर्यंत चेपून ती फट बुजवलीस. शहाण्या, तेवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. भिंतीला एक बोटभर सळई असेल बघ, उष्णता मोजणारी. ती तुझ्या फॉइलच्या मागे झाकली गेली आहे. जाळाची सगळी धग तिथे खाली कोंडलेली, ती सळईला लागते, सळई म्हणते झालं दोनशे तीस, आणि स्क्रू गोळ्या टाकणं थांबवतो. वर तुझी कोंबडी गार वाऱ्यात बसलेली. पेटी भरलेली राहते ती याच्यामुळे, गुणामुळे नाही.

तेव्हा सगळं फॉइल ओरबाडून काढ. एक तुकडाही ठेवू नकोस. ते काळं होईल, तेलकट होईल, काजळी धरेल. होऊ दे. मी आजवर स्वच्छ भट्टी फक्त बंद पडलेल्या कारखान्यात पाहिली आहे. तू ते परत करण्यासाठी जपतोयस आणि म्हणूनच ते परत करायची पाळी येतेय, हे तुझ्या टाळक्यात शिरतंय का?

खालच्या चार ओळी तुझ्या बायकोसाठी, तिला वाचायला दे. चि. सौ. भावजयीस आशीर्वाद. जे मला लिहिलंस ते त्याला सांगायचं होतंस. पण तो माझाच भाऊ, सांगून ऐकायचा नाही. तेव्हा काहीतरी करून दाखव.

शनिवारी माझं सगळं लक्ष तिकडे असेल. रागवले तरी माया पातळ होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

तुमची,
ताई


दि. १८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगतो, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. छापखान्याचे कामगार काल पोटभर जेवले. तंगड्या हाडापर्यंत शिजल्या होत्या आणि वरून अशा खरपूस, की अक्षरजुळणी करणाऱ्या म्हाताऱ्याने कवळी काढून खिशात ठेवली आणि नुसत्या हिरड्यांनी ताव मारला. कणसं कमी पडली. मालकीणबाईंनी हात पुसता पुसता सांगितलं, की सोमवारपासून आणत जा, कांदे जरा जास्त भाजा. ग्रिल इतकं तापलं की झाकणाची मूठ फडक्याने धरावी लागली, आणि गोळ्यांची म्हणशील तर अख्खी पेटी फस्त. तुझा पाचवा अंदाज बरोबर निघाला, हे मी लेखी देतोय, फ्रेम करून लाव.

पण हे झालं दुपारचं. सकाळचं सांगायचं राहिलं, आणि ते मी तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही.

तुझं पत्र मला बुधवारी मिळालं. वाचलं आणि पटलंही. तिला वाचायला दिलं, तिने ते घडी घालून परत दिलं. मी जाऊन ग्रिलचं झाकण उघडलं, फॉइलचा एक कोपरा उचलला आणि पुन्हा चेपून बसवला. फॉइल काढलं की एका स्वयंपाकात आत चरबी आणि काजळी बसणार, म्हणजे दुकानाची वाट बंद. आणि तू चुकली असशील तर? आधी चार वेळा चुकली होतीसच. मग ग्रिलही गळ्यात आणि छापखानाही गेला. गुरुवारही तसाच गेला. शुक्रवारी मी टेम्पोवाल्याला सांगून आलो, की उद्या सकाळी एक सामान दुकानात पोचवायचं आहे. साहेबांनाही फोन केला, की रुजू व्हायला येतोय. मालकीणबाईंना सांगायची हिंमत मात्र झाली नाही, म्हटलं सकाळी सांगू. तुला लिहिलेल्या पत्रांतला तो छाती पुढे काढून चालणारा माणूस त्या दिवशी कुठे गेला होता, मला माहीत नाही.

शनिवारी उठलो तर बाहेरून खरखर आवाज येत होता. जाऊन बघतो, तर पलीकडच्या गल्लीतला वेल्डर गुडघ्यावर बसलेला आणि ही त्याच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी. ग्रिलच्या बाजूच्या चौकटीला चार भोकं पाडून झाली होती आणि ताटं ठेवायला एक चांगली जाड लोखंडी फळी तिथे बसवणं चाललं होतं. आतलं फॉइल सगळं काढून टाकलेलं. मी टेम्पोचं विचारलं, तर म्हणाली की त्याला बाजारात बटाटे आणायला पिटाळलाय.

मी पायरीवर बसलो. त्या वेळी ग्रिल पेटलेलंही नव्हतं, ताई. ते तापणार की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं. वेल्डर गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, की आता हे कुणी परत घेणार नाही, तेव्हा उठा आणि बटण दाबा, माणसं जेवायला यायची आहेत.

कळावे. तुझी माया अशीच राहू दे, शिव्यांसकट.

तुझा,
धाकटा