उघड्या तळव्याने

सोमवार, ४
पोचले एकदाची. सकाळीच पोचायचं होतं, पण वाटेत एका दुकानाच्या दारात टोपलीभर कुत्र्याची पिल्लं होती आणि माझी दुपार तिथेच गेली. घर चढावर आहे, बस थांब्याच्या वर. ताई दारातच उभी. म्हणाली, काय गं, काम करायला आलीस की पिल्लं पाळायला? हिला कसं कळलं म्हणून दचकले, तर माझ्या अंगभर केस. दोघी हसत सुटलो. अशी मालकीण मिळाली की निम्मं काम तिथेच होतं.

राहायला माडीवरची खोली, खिडकीतून रस्ता दिसतो. घर झकास आहे, जमीन नवी, खिडक्या नव्या. फक्त बैठकीतली एक भिंत. विटांची, काळपट तपकिरी, सांधे काळे, एक वीट पुढे तर एक मागे, कुणीतरी भांडून आल्यावर रचल्यासारखी. ताई म्हणते, हिच्यासमोर बसलं की चहाला चव लागत नाही. पाहुणे तिकडे पाठ करून बसतात. तिला वीट झाकायची आहे, पण सपाट गिलावा नकोय. विटेचा उठाव दिसला पाहिजे, ओंगळपणा गेला पाहिजे. स्वयंपाकघरातल्या भिंतीसारखं.

स्वयंपाकघरातली ती भिंत बघितली. म्हणजे हात लावला. मला हात लावल्याशिवाय काही कळत नाही, शाळेतही त्यासाठीच फटके खाल्ले, आणि शेवटी शाळाच सोडली. सायीसारखी पांढरी, कुठे ओरखडा नाही. आणि कोमट. पलीकडे चूल असेल म्हटलं. पलीकडे तर अंगण आहे.

तिथेच खुर्चीत ताईचे मामा बसलेले असतात. हात मांडीवर ठेवलेले, कुणीतरी जरा धरा म्हणून दिले आणि न्यायला विसरलं असे. ताई त्यांना चमच्याने भरवते. ते म्हणाले, माझे हात माझ्याआधी निवृत्त झाले, त्यांना पेन्शन चालू आहे. माणूस मजेशीर आहे.

बुधवार, ६
काल भिंत घासून काढली, आज पाणी मारलं. कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते, मग महिन्याभरात तडे. म्हणून आधी विटेला पोटभर पाजायचं, ती नको म्हणेपर्यंत. नको म्हणते म्हणजे पाणी खाली ओघळायला लागतं.

ही नको म्हणतच नाही. बादल्या ओतून खांदे दुखले, खालची जमीन कोरडी ठाक. मी कंटाळून बसले तर मामा आतून ओरडले, पाज गं पाज, तू लाजू नकोस, ती काही लाजणार नाही. ताईने त्यांना गप्प बसा म्हटलं. जरा जास्तच चटकन म्हटलं.

शुक्रवार, ८
चुना आणि बारीक वाळू कालवली. लोखंडी करणीने पहिला पट्टा ओढला, मस्त बसला. ताईला आवडला नाही. करणीच्या रेघा दिसतात म्हणे. लाकडी थापी घेतली, तिचेही कोपरे उमटतात. मग म्हणाली, तळव्याने फिरव. स्वयंपाकघर तसंच केलंय.

चुना हात खातो हे मला पहिल्या कामावरच शिकवलं होतं. हातमोजे आणायला माडीवर गेले. जिन्याच्या खिडकीत शेजारचं मांजर बसलेलं, त्याच्याशी गप्पा झाल्या, परत आले तेव्हा हातमोजे वरच राहिलेले. ताई म्हणाली, राहू दे, त्यांची शिवण उमटते. मी तळवा टेकवला. विटेच्या कडा, खळगे, सगळं हाताखाली निवत गेलं. असं काम कधीच केलं नव्हतं. जेवायलासुद्धा थांबले नाही.

रविवार, १०
बोटांची टोकं बधिर आहेत. चुन्याने होतं असं. तेल लावलं.

सुट्टी म्हणून खाली बाजारात गेले. फळवाल्याकडे पीच दाबून बघितले. पिकलेला कुठला आणि कच्चा कुठला, कळेना. तो वैतागला, बाई, फळ घ्यायचंय की नाडी बघायची आहे? एरवी मी चार गोष्टी सुनावल्या असत्या. काही न घेता आले.

मंगळवार, १२
सकाळी तापलेली किटली मुठीत धरून बैठकीपर्यंत आणली. ताईने हातातून काढून घेतली. तळव्याला फोड आलेत. दुखत नाहीत.

भिंत निम्म्याच्या वर झाली आहे. सुंदर दिसते, खोटं कशाला बोलू.

जेवणानंतर मी जिन्यात बसून उकडलेलं अंडं सोलत होते. ताई फोनवर बोलता बोलता भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. आणि माझ्या तळव्यांवर वजन आलं. स्वेटरची वीण कळली, टाका न् टाका. वेणी कळली. ती हसली की तिची पाठ हलत होती, तेही कळलं. हातातलं अंडं मात्र कळत नव्हतं. ते कधी पडलं कोण जाणे.

ताई भिंतीपासून दूर झाली. वजन गेलं.

गुरुवार, १४
मामांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. ते ताईचे कुणीच नाहीत. गावोगाव रंगकाम करत फिरायचे, स्वयंपाकघराच्या कामाला आले. मामा नंतर झाले. ताई स्वयंपाक करते तेव्हा वाफ त्यांच्या तळव्यांना लागते. ओला ओटा पुसताना तिचं कोपर लागतं. म्हणाले, वाईट नाही गं. उबदार घर म्हणतात लोक, ते फुकट होत नसतं.

मी म्हटलं, अर्ध्यावर सोडायचं होतं. म्हणाले, सोडलं होतं ना. कपाटामागे हातभर जागा तशीच ठेवली होती, ती होती तोवर मी माझा होतो. मग एक दिवस वाटलं, ठेवून करायचंय काय?

एवढं बोलून विचारलं, आज जेवायला काय आहे.

शुक्रवार, १५
पळाले. सकाळची पहिली बस.

घर मागे पडलं तसे हात कोपरापर्यंत बधिर झाले. नदीच्या पुलावर गुडघे. पुढे ओठ. बाटलीतलं पाणी अंगावर सांडत होतं, शेजारच्या बाईने सांगितलं तेव्हा कळलं. उतरताना पडले, कोपर फुटलं, लोकांनी उचललं. त्यांचे हात लागले असतील.

तळव्यांवर मात्र काहीतरी होतं. मऊ, वरून खाली. ताई भिंतीवरची धूळ पुसत होती.

रस्ता ओलांडून परतीची बस धरली. जवळ येत गेले तसे ओठ आले, गुडघे आले. हात नाही आले.

ताईने जेवण झाकून ठेवलं होतं. रागावली नाही. म्हणाली, एकदा सगळेच जातात, ये, बस. आणि चमचा माझ्या तोंडाशी धरला.

रविवार, १७
ताई बाहेर गेली तेव्हा हातोडा घेतला. पहिलाच घाव —

दुखलं. तळव्यातून थेट खांद्यापर्यंत. मी खाली बसले आणि हसत राहिले. किती दिवसांनी काहीतरी माझं होतं. वीट कोपऱ्यात फुटली, माझ्या अंगठ्याचं नख निघालं. दुसरा घाव घातला. मग हातोडा पकडीत राहीना.

ताई आली. चुकचुकली. आपल्याच अंगावर का उठतेस गं बाई, म्हणाली. फुटलेलं तिनेच भरलं, माझा हात धरून, माझ्याच तळव्याने.

हात पोचेल तिथवरचं बाकीचंही तसंच. आता फक्त छताजवळचा कोपरा उघडा आहे. शिडी लागते. तो आहे तोवर जीभ आहे, गाल आहेत, मान आहे. तो मी करणार नाही.

मंगळवार, १९
बसचा भोंगा वाजला. मी मान वर केली नाही.

माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणायचे सगळे. रस्ता दिसला की पोटात काहीतरी उठायचं. मी वाट बघितली. उठलं नाही.

भीती वाटायला हवी. कुठे वाटते तेही आठवतं — छातीच्या खाली, डावीकडे. तिथे बघितलं. काही नाही.

पेन्सिल दोऱ्याने बोटाला बांधली आहे. ताईनेच बांधून दिली.

गुरुवार, २१
ताईने चुना कालवून शिडीखाली ठेवला आहे. बळजबरी नाही म्हणाली. आता ती मला ताई नाही म्हणू देत. वहिनी म्हण, म्हणते. मी नणंद झाले.

दुपारी भिंतीवर ऊन येतं. सगळ्या भिंतीवर, एकदम. तेवढं येतं माझ्याकडे. बाकीचा दिवस कापसासारखा.

मामा म्हणाले, पूर्ण झाली की रात्रीही ऊब राहते. विटा धरून ठेवतात.

शुक्रवार, २२
फक्त बघायला चढले शिडीवर. वही गुडघ्यावर.

डावा हात चुन्यात गेला. नेला की गेला, सांगता येत नाही —

गार. कोपऱ्यात गार लागतंय. किती दिवसांनी गार —

वहिनी खाली शिडी धरून उभी आहे. सावकाश म्हणाली, घाई नाही.

मान गेली. गाल — आत्ता होता.

बोटभर वीट उरली आहे. थांबता येईल. इथे थांबता येईल. कशासाठी थांबायचं होतं तेवढं आठवलं की लगेच हात काढते. आठवतेय. सांगते, ते —