फिलाडेल्फियाची आजी

ये. म. यो.
विल्क्स-बॅरी, ४ ऑगस्ट १९८६

प्रिय लिओन,
तुला, डोरिसला आणि आमच्या नवरीमुलीला अनेक आशीर्वाद.

कॅरनच्या लग्नाच्या बातमीचं तुमच्या पेपरातलं कात्रण पोचलं. फोटोत पोरगी अगदी बाबांसारखी हसते आहे. आईने भिंग घेऊन बातमी दोनदा वाचली आणि मला विचारलं, की ही फिलाडेल्फियाची आजी कोण. खरंच तसं छापलंय: वधूची आजी, राहणार फिलाडेल्फिया.

लिओन, आई जन्मात दोनदा फिलाडेल्फियाला गेली, दोन्ही वेळा बाबांची छाती तपासायला. मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक असेल. तर म्हणाली, त्याला माझं स्टॅनिस्लावा हे नाव अचूक लिहिता आलं, मग गावच कसं चुकलं. लग्नासाठी शिवलेला निळा झगा तिने परत खोक्यात घातलाय. दुरुस्ती छापून आली तर येईन, नाहीतर त्या दुसऱ्या आजीला बोलवा, म्हणते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईशी मी किती वाद घालू? चूक कोणाची, ते कळव.

माया आहेच, म्हणून तर वैतागते.
तुझी रेजिना


फिनिक्स, ११ ऑगस्ट

प्रिय रेजी,
आईच्या दोन्ही गालांना माझे मुके. अजून पत्राच्या डोक्यावर येशू-मरिया-योसेफ? तुझ्या शाळेतल्या सिस्टर्स स्वर्गातून बघून खूश होत असतील.

चूक कोणाची नाही. इथे मी सगळ्यांना फिलाडेल्फियाच सांगत आलोय. आपल्या गावाचं नाव इथे कोणाला वाचता येत नाही, आणि आपल्यात तरी कुठे एकमत आहे? बाबा ‘बार’ म्हणायचे, आई ‘बेअर’ म्हणते, तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या ‘बॅरी’. फिलाडेल्फिया म्हटलं की माणूस मान हलवतो आणि पुढचं बोलायला लागतो. एवढ्यावरून आई नातीचं लग्न बुडवणार? डोरिसने तिच्यासाठी खालची खोली रंगवून घेतलीय. समजाव तिला.

तुझा लिओन


ये. म. यो.
विल्क्स-बॅरी, १८ ऑगस्ट

प्रिय लिओन,
आशीर्वाद.

नाही समजावलं. बेकरीत मी ‘बॅरी’ म्हणते, बेकरीवाला ‘बार’ म्हणतो, तरी पाव मिळतोच. इथे कोणाचं अडत नाही. नाव कसंही घे, पण घे. तीस वर्षं तू आम्हाला लपवून ठेवलंस. बाबा खाणीची धूळ छातीत घेऊन गेले, ते या गावात. आई म्हणते, तुला आमची लाज वाटते. तिचं म्हणणं मला पहिल्यांदाच खोडता आलं नाही. विमानाची तिकिटं परत करू का, एवढंच कळव.

रेजिना


फिनिक्स, २५ ऑगस्ट

प्रिय रेजी,

लाज नाही. मला ते नाव उच्चारताच येत नाही.

छत्तीसच्या पुरानंतर सिस्टर अनिसेता आम्हा पहिलीतल्यांना रोज सकाळी उभं करून नाव, रस्ता, गाव म्हणवून घ्यायची. पुन्हा पूर आला आणि पोर हरवलं, तर घरी पोचवता यावं म्हणून. मी बाबांचं ‘बार’ म्हटलं की बोटांवर पट्टी. घरी जेवताना ‘बॅरी’ म्हटलं की बाबा चमचा खाली ठेवायचे आणि विचारायचे, बापाची बोली आता चालत नाही का. पुढे पुढे ‘विल्क्स’नंतर काही निघेचना. तेव्हा सिस्टरने तुला वरच्या वर्गातून बोलावलं. तू शेजारी उभी राहून माझ्याऐवजी म्हणायचीस, किती स्वच्छ. पोरं तुझ्याकडे बघायची. मला वाटायचं, पूर आला आणि रेजी जवळ नसली, तर आपण हरवणार.

इथे पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत तसाच अडकलो. साहेब घड्याळाकडे बघायला लागला, आणि तोंडातून फिलाडेल्फिया निघालं. पाकिटावर लिहायला जमतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. डोरिसलाही माहीत नाही. दुरुस्ती छापली, तर लग्नात अडीचशे माणसं मला गावाचं नाव विचारतील.

आईला सांगू नकोस.
लिओन


ये. म. यो.
विल्क्स-बॅरी, १ सप्टेंबर

प्रिय लिओन,
तुला खूप खूप आशीर्वाद.

सांगायची वेळच आली नाही. पाकीट आईने फोडलं. मी दुकानातून आले तेव्हा तिचं वाचून झालं होतं.

तुझ्या शेजारी उभी राहायची ते मला चांगलं आठवतं. सिस्टरने बक्षीसच दिलंय असं वाटायचं. मी धाकट्या भावाला कशी सांभाळायची, हे पन्नास वर्षं मैत्रिणींना कौतुकाने सांगत आले. आता ती आठवण कुठे ठेवू, कळत नाही. तेव्हाच का नाही बोललास, म्हणून तुझा रागही येतो. आणि कोणाला काय विचारते आहे, हे लिहिल्यावर लक्षात येतं.

संध्याकाळी बटाटे सोलताना आई म्हणाली, त्या चमच्यावरून तिने बाबांना तेव्हाच बोलायला हवं होतं. मग झगा इस्त्री करायला लावला. दुरुस्ती नको, म्हणते. लग्नात ती तुझ्या शेजारी बसणार आहे. कोणी विचारलं आणि तू फिलाडेल्फिया म्हणालास, तर ती मान हलवेल. गावाचं नाव घ्यायला गेलास, तर ते येईपर्यंत थांबेल, सूप गार झालं तरी. आणि मला ताकीद दिलीय, की तेवढा वेळ तोंडातून अक्षर काढायचं नाही.

अठराला दुपारी पोचतो. रागावली असेन तेवढं सोडून दे, माया तेवढी राहू दे.

तुझी रेजी